प्रवास झाला की ससा खाणं बंद करतो: तपासायला कुठून सुरुवात करायची

आधी लक्षणं सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आत्ता सशासमोरच बसलेले असणार.

प्रवास संपलाय, कॅरिअर उघडलंय आणि ससा गवताला तोंड लावत नाहीये. किंवा जवळ येतो, वास घेतो, एखादी काडी तोंडात धरतो आणि टाकून देतो. लेंड्या नेहमीपेक्षा बारीक, वेड्यावाकड्या, नाहीतर कॅरिअरमध्ये एकही नाही. पाठीला कुबड काढून, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात बसलाय, मधेच उठून जागा बदलतो, पोट जमिनीला दाबतो, परत उठतो. दात करकर वाजवतोय. (कुरवाळताना दात हलके वाजतात ते समाधानाचं, ते वेगळं. दुखतंय तेव्हाचा आवाज जरा लांबूनही ऐकू येतो.) कान हाताला खूप गरम लागतायत किंवा एकदम गार. हनुवटी, छाती किंवा मागची बाजू ओली आहे.

यातलं काही दिसत असेल तर पुढे वाचा आणि त्याच क्रमाने तपासत जा. पण खालच्यापैकी एकही गोष्ट असेल तर वाचत बसू नका, रात्र असली तरी डॉक्टरकडे निघा:

- तोंड उघडून श्वास घेतोय. ससा नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे, त्याने तोंड उघडलं म्हणजे नाकाने भागत नाहीये.
- पोट फुगून ढोलासारखं ताठ लागतंय.
- निपचित पडलाय, उचललं तरी अंग सोडून देतोय.
- मागचे पाय ओढतोय.
- मान एका बाजूला वाकलीय, तोल जाऊन लोळतोय.
- पाण्यासारखी हगवण लागलीय.

आता हे होतं कशाने ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. सशाचं पोट सतत चालू राहायला बनलेलं आहे. लांब धाग्याचं सुकं गवत आत जात राहतं, ते मागचं पुढे ढकलत राहतं, आणि दिवसाला दोनतीनशे लेंड्या बाहेर पडतात. घाबरला की शरीर रक्त आणि ताकद पळण्यासाठी वळवतं आणि आतड्याची हालचाल मंदावते. मंदावली की आतलं कोरडं होत जातं, गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून अजून मंदावतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की आपोआप थांबेल यावर विसंबू नका. यालाच जीआय स्टॅसिस म्हणतात. प्रवासात याला लागणारं सगळं एकाच वेळी हजर असतं, भीती, उकाडा, पाणी कमी, गवत कमी, वर हादरे.

माझ्या घरात ससे येऊन दहाएक वर्षं झाली आणि या दहा वर्षांत हाच एक प्रकार मी स्वतःच्या, मैत्रिणींच्या, सांभाळायला आलेल्या सशांमध्ये इतक्या वेळा बघितलाय की आता कॅरिअर उघडल्यावर मी सशाकडे नंतर बघते, आधी लेंड्या बघते.

पहिलं: लेंड्या बघा आणि वेळ लिहा

फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. कॅरिअरचं अंथरूण बाहेर काढा, झटकू नका, त्यावरच्या लेंड्या एका कागदावर घ्या. गोल, मोठ्या, मोडल्यावर आत गवताचा भुसा दिसतो अशा असतील तर पोट निदान प्रवासात तरी चालू होतं. बारीक, काळ्या, कडक असतील तर पोट मंदावलंय. केसांनी एकमेकीला जोडलेली माळ असेल तर केस गिळले गेलेत आणि गवत-पाणी कमी पडलंय. द्राक्षाच्या घोसासारखा चिकट, वास मारणारा गोळा असेल तर घाबरू नका, ती हगवण नाही, ते त्याचं सीकोट्रोप आहे, म्हणजे एक वेगळी मऊ लेंडी, ती तो एरवी थेट खाऊन टाकतो, गाडीत घाबरल्यामुळे तशीच राहिली असेल.

आता वेळ. इथे जवळजवळ सगळे चुकतात, मीही पहिली दोन वर्षं चुकले. आपण तास मोजतो ते घरी पोचल्यापासून, "आत्ताच तर आलोय, बघू थोडा वेळ" असं म्हणत. पण पोटाला आपण कधी पोचलो याच्याशी देणंघेणं नसतं. सहा तासांचा प्रवास झाला आणि त्यात त्याने काही खाल्लंच नाही, तर तुम्ही कॅरिअर उघडता तेव्हा सहा तास आधीच गेलेले असतात. म्हणून घड्याळ शेवटच्या खाण्यापासून आणि शेवटच्या ताज्या लेंडीपासून मोजा. आठवत नसेल तर निघालात तीच वेळ धरा. ती कागदावर किंवा फोनमध्ये लिहूनच ठेवा, डोक्यात ठेवू नका, कारण काळजीत असलो की एकतर दहा मिनिटं तासासारखी वाटतात नाहीतर तीन तास कुठे गेले कळत नाही.

खाणं आणि लेंड्या दोन्ही १२ तास बंद म्हणजे इमर्जन्सी, हे सशांचे डॉक्टर सांगतातच. मी स्वतः १२ ची वाट बघत नाही. ६ ते ८ तास झाले की फोन करते. कारण १२ व्या तासाला फोन केला तर ससे बघणारा डॉक्टर शोधण्यात आणि पोचण्यात अजून ४ तास जातात.

दुसरं: त्याला एकटं सोडा, पण गवतासकट

बऱ्याच वेळा ससा नुसता घाबरलेला असतो आणि आपण चौघं त्याच्याभोवती बसून, एक कोथिंबीर धरतोय, एक कुरवाळतोय, एक व्हिडिओ काढतोय, असं करून त्याला अजून घाबरवत असतो. ससा म्हणजे शिकार होणारा प्राणी. सगळ्या बाजूंनी कोणीतरी बघतंय अशा वेळी तो खात नाही.

खोलीचा एक कोपरा घ्या, पंख्याचा किंवा एसीचा थेट झोत येणार नाही असा, टीव्ही बंद, दुसरे प्राणी बाहेर. कॅरिअर तिथेच उघडं ठेवा, धुवायला नेऊ नका, कारण नव्या जागेत त्याच्या स्वतःच्या वासाची तेवढीच एक वस्तू असते. शेजारी त्याचा लेंड्या-लघवीचा जुना, न धुतलेला ट्रे, त्यात भरपूर गवत, बाजूला पाणी. आणि बाहेर पडा. अर्ध्या-एक तासाने न बोलता डोकावा. साधा घाबरलेला ससा या वेळात गवत ओढायला लागतो. तासाभरात काहीच हालचाल नसेल तर पुढच्या गोष्टी लगेच बघा, आणि एकटं सोडणं दोन तासांच्या पुढे नेऊ नका.

एक आवर्जून सांगते. शांत करायला म्हणून सशाला उताणा करून "झोपवू" नका. तो झोपलेला नसतो, भीतीने गोठलेला असतो. दिसायला शांत, आतून हृदय धडधडत.

तिसरं: कान

उकाडा सशाला थंडीपेक्षा कितीतरी जास्त त्रास देतो. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करणं जमत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायला कान हेच मुख्य साधन. बाहेर २५-२६ अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू व्हायला लागतो आणि बंद कॅरिअरच्या आत बाहेरपेक्षा जास्तच असतं. लांब केसांचे, जाड, म्हातारे आणि चपट्या तोंडाचे ससे तर आधी गळतात.

कान हाताच्या मागच्या बाजूने बघा. खूप गरम, लालसर, नाकपुड्या भराभर हलतायत, अंग लांब पसरून पडलाय, तर अंग तापलंय. साध्या पाण्यात हात ओला करून कानांवरून फिरवा, सावलीत फरशीवर ठेवा, पंखा लांबून. बर्फाचं पाणी नाही, अंघोळ नाही, बुडवणं तर अजिबात नाही, अचानक गारव्याने तो धक्क्यात जातो. गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून एका बाजूला ठेवता येते, मात्र नको वाटली तर त्याला सरकून लांब जाता आलं पाहिजे. सुधारला असं वाटलं तरी डॉक्टरला फोन करायचा, कारण उष्माघाताचा त्रास नंतरही वर येतो. आणि लाळ गळतेय, झटके येतायत, उठता येत नाहीये असं काही असेल तर कान ओले करत करतच निघायचं.

उलट, कान गार आणि ससा सुस्त असेल तर ते जास्त वाईट लक्षण आहे, खासकरून ज्याने बराच वेळ खाल्लेलं नाही त्याच्यात. सशाचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. ३८ च्या खाली गेलं म्हणजे शरीर हरायला लागलंय. टॉवेलमध्ये गुंडाळा, कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून बाजूला द्या आणि सरळ डॉक्टर. गार पडलेल्या सशाला तोंडाने काही भरवायचं नाही, पोट चालत नसताना आत ढकललेलं तिथेच साचतं. थर्मामीटर गुदद्वारातून लावायचा असतो, डॉक्टरने आधी हातात धरून शिकवलं असेल तरच लावा, धडपडणाऱ्या सशाला घरी इजा होते. कान आणि वागणं एवढ्यावरून निर्णय घेता येतो.

चौथं: पाणी

प्रवासात निपलची बाटली लावलेली असते आणि आपल्याला वाटतं पाणी आहे. बाटलीतलं पाणी किती उतरलंय ते बघा, आणि उतरलेलं असेल तर अंथरूण ओलं आहे का तेही बघा, कारण हादऱ्यांनी निपलमधून थेंब गळत राहतात, बाटली रिकामी होते आणि ससा तहानलेलाच. मी कितीतरी जणांना सांगून थकले की बाटली रिकामी म्हणजे ससा प्यायला असं नाही. हनुवटी आणि छाती ओली असण्याचं कारणही बरेचदा हेच असतं.

उपाय सोपा आहे, जड, पसरट बाऊलमध्ये पाणी ठेवा. ससे बाऊलमधून मोकळेपणी आणि जास्त पितात. वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १०० मिली पाणी लागतं, म्हणजे दोन किलोच्या सशाला १०० ते २०० मिली. ओली पालेभाजी, धुऊन न झटकता दिलेली, हाही पाणी पोटात जाण्याचा चांगला रस्ता. नव्या जागेच्या पाण्याची चव वेगळी असते म्हणून काही ससे पीत नाहीत, माझी भुरी त्यातलीच, तिच्यासाठी आम्ही घरचं पाणी डब्यात घेऊन जायचो आणि ते दिलं की लगेच प्यायची.

लघवी नारिंगी-लालसर दिसली तर एकदम रक्त समजून घाबरू नका, सशाच्या लघवीत रंगद्रव्यं येतात. पण गाठी दिसतायत, जोर लावतोय, थेंब थेंब करतोय असं असेल तर वाट न बघता दाखवा.

पाचवं: गवत, आणि इथे जरा रेंगाळते

सगळ्यात जास्त गडबड इथेच सापडते. प्रवासाला निघताना लोक कॅरिअरमध्ये काय ठेवतात? पॅलेट्स (तयार दाणेदार खाद्य), गाजर, बिस्कीट. सांडत नाही, सोपं पडतं. आणि गवत पसारा करतं म्हणून चिमूटभर किंवा अजिबात नाही. मग सहा तास सशाच्या पोटात गवताचा धागा जात नाही, वर साखर आणि पीठ जातं, ते सीकममध्ये आंबतं आणि गॅस होतो. सीकम म्हणजे आतड्याला लागून असलेली मोठी पिशवी, तिथे लाखो जंतू गवत आंबवायचं काम करतात, त्यांना अचानक साखर दिली की नको ते जंतू वाढतात. प्रवासाच्या दिवशी पॅलेट्स थोडे कमी, गाजर-फळ बंद, गवत मात्र भरून, इतकं की ससा त्यात बसला पाहिजे. खाईल, अंगाखाली घेईल, दचका बसला तर त्यात तोंड खुपसेल.

दुसरी चूक म्हणजे "गाडीत त्रास नको" म्हणून सकाळपासून उपाशी ठेवणं. कुत्र्या-मांजराला गाडी लागते, उलटी होते म्हणून त्यांना प्रवासाआधी कमी खायला देतात, ते ऐकून लोक सशालाही तेच करतात. ससा उलटी करूच शकत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. त्याला उपाशी ठेवून फायदा शून्य आणि नुकसान पूर्ण. निघायच्या मिनिटापर्यंत खाऊ दे, गाडीत खाऊ दे, थांबलात की खाऊ दे.

तिसरी, गवत बदलणं. पोचलात तिथे नवीन गवत घेतलं, वास वेगळा, काडी वेगळी, ससा तोंड लावत नाही आणि आपल्याला वाटतं आजारी आहे. म्हणून आधी घरचंच गवत पुढे ठेवा. ते खाल्लं तर प्रश्न गवताचा होता. घरचंही खात नाही तर त्याची सगळ्यात आवडती पालेभाजी द्या, कोथिंबीर, पुदिना, जे नेहमी खातो ते, नवीन काही नाही. आवडीची गोष्टही नाकारली तर मात्र हा हट्ट नाही, दुखतंय. मी तिथे थांबते आणि फोन उचलते.

सहावं: ओलं अंग

मागची बाजू, पायांचे तळवे, पोटाखालचे केस बघा. कॅरिअरमध्ये लघवीत बसून चार तास गेले असतील तर कातडी जळजळते, आणि जळजळणारा ससा नीट बसत नाही, नीट खात नाही. कोमट ओल्या कापडाने पुसा, कोरडं करा, अंघोळ घालू नका. उन्हाळ्यात हे जास्त गंभीर, ओल्या घाणेरड्या केसांवर माशी अंडी घालते आणि २४ तासांच्या आत अळ्या बाहेर येऊ शकतात, त्या जिवंत कातडी खातात. एक जरी अळी दिसली तरी ती इमर्जन्सीच. अंथरुणासाठी मी खाली शोषून घेणारा पॅड, वर जाड टॉवेल किंवा फ्लीस घालते आणि एक जोडी हाताशी ठेवते, थांबल्यावर बदलायला. नुसता गुळगुळीत प्लास्टिकचा तळ नको, प्रत्येक वळणाला ससा घसरतो आणि पूर्ण प्रवास पाय ताठ ठेवून बसतो.

सातवं: जोडीदार

दोन ससे जोडीने राहणारे असतील आणि एकालाच नेलं असेल तर आधी ते सांगा स्वतःला. एकटा पडलेला ससा खाणं सोडतो आणि परत आल्यावर दुसऱ्याला तो वासावरून ओळखू येत नाही, मारामारी होते, ठरलेली जोडी तुटते. जोडी एकत्रच न्यायची, डॉक्टरकडे जायचं असलं तरी, आजारी एकच असला तरी.

आठवं: कुठे लागलंय का

हे शेवटी ठेवलं कारण यात हाताळावं लागतं आणि घाबरलेल्या सशाला हाताळणं हीच एक जोखीम आहे. सशाचं हाडांचं वजन अंगाच्या ७-८ टक्केच असतं, मांजराचं १२-१३ टक्के, आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र जबरदस्त. हवेत लटकता राहिला आणि त्याने जोरात लाथ मारली तर स्वतःच्याच ताकदीने पाठीचा कणा मोडतो. म्हणून उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली, पूर्ण आधार, अंगाशी धरून, आणि शक्यतो जमिनीवर बसूनच.

आधी न उचलता चालताना बघा, चारही पाय टेकतोय का. मग पुढचे दात, ओठ बाजूला करून, जाळीचं दार चावून तुटले असतील तर दिसतील. वरचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर वाढतात, त्यामुळे तुटलेला दात भरून येतो, पण वेडावाकडा तुटला असेल तर खाता येत नाही. नखं बघा, टॉवेलच्या धाग्यात अडकून उपटलेलं नख बरेचदा सापडतं. पोटावर अगदी हलका हात ठेवा. मऊ कणकेसारखं लागलं तर ठीक, ताठ किंवा दाबल्यावर तो आकसला तर तिथेच थांबा. पोट चोळू नका. गॅसवर मसाज करा असं सगळीकडे सांगतात, पण आतडं अडलेलं असेल तर मसाजने नुकसान होतं, आणि अडलंय की नुसतं मंदावलंय हे बाहेरून हाताने आपल्याला कळत नाही.

इथे थांबा

इतकं सगळं करूनही ससा खात नसेल आणि तुमच्या कागदावरचे तास ८ च्या पुढे गेले असतील, तर घरचे उपाय संपले. सिरिंजने पातळ खाऊ भरवणं हे मला येतं, मी कितीदा केलंय, तरीही डॉक्टरशी बोलल्याशिवाय सुरू करत नाही. स्टॅसिसमध्ये ते जीव वाचवतं आणि अडलेल्या आतड्यात तेच जीव घेऊ शकतं. डॉक्टर पोट तपासतात, एक्स-रे काढतात, बरेच जण रक्तातली साखर बघतात कारण आतडं अडलेलं असेल तर साखर खूप वाढलेली सापडते. मग ठरवतात भरवायचं की नाही. दुखणं कमी करायचं औषध आणि सलाईन हे तर घरी होण्यासारखंच नाही, आणि दुखणं थांबल्याशिवाय ससा खात नाही हे मी प्रत्येक वेळी बघितलंय.

माणसांची औषधं नकोत, कुत्र्या-मांजरांचीही नकोत. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडाने दिलं तर सशाच्या पोटातले चांगले जंतू मरून ससा दगावू शकतो. फिप्रोनिल असलेलं गोचीड-पिसवांचं औषध सशाला विषारी आहे. आणि शांत राहावा म्हणून झोपेचं औषध स्वतःच्या मनाने तर कधीच नाही.

फोनवर डॉक्टरला विचारायचा पहिला प्रश्न हा, की तुम्ही ससे नेहमी बघता का. सगळे प्राण्यांचे डॉक्टर बघत नाहीत. आणि हा नंबर ससा आजारी पडल्यावर शोधायचा नसतो. जिथे चाललोय तिथला आणि वाटेतला, दोन्ही, निघायच्या आधी फोन करून खात्री करून ठेवायचे. त्या कागदावरच्या वेळा, लेंड्यांचा फोटो, काय खाल्लं, गाडीत किती गरम होतं, वजन किती, एवढं घेऊन जा. जाताना कॅरिअरमध्ये गवत असू दे, खात नसला तरी.

दर वेळी होत असेल तर

ससा बरा झाला की आपण विसरतो आणि पुढच्या वेळी परत तेच. म्हणून पुढच्या प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधीपासून कॅरिअर घरातच उघडं ठेवा, त्यात गवत आणि पाला द्यायला लागा. वर्षातून दोनदा माळ्यावरून निघणारं कॅरिअर म्हणजे सशाला संकटच वाटणार. तो स्वतःहून आत जाऊन बसायला लागला की दार लावून पाच मिनिटं, मग गाडीत नुसतं ठेवून, मग छोटी चक्कर.

कॅरिअर कडक भिंतींचं, पूर्ण पसरून झोपता आणि वळता येईल इतकं, पण फार मोठंही नको कारण ब्रेक लागला की आत आपटतो. वरूनही उघडणारं असेल तर फारच सोयीचं, घाबरलेल्या सशाला समोरच्या दारातून ओढावं लागत नाही. गाडीत मागच्या सीटवर पट्ट्याने घट्ट बांधून, मी आडवं ठेवते म्हणजे ब्रेकला त्याचं अंग लांब बाजूवर टेकतं. पुढच्या सीटवर नको, एअरबॅग असते. डिकीत नको, हवा नसते. अर्ध्यावर पातळ कापड टाका, अर्धं उघडं. उन्हाची बाजू दर वळणाला बदलते, ती बघायला एक माणूस पाहिजे. एकटे असाल तर दर दोन तासांनी थांबून बघा, पण दार गाडीच्या काचा बंद असतानाच उघडा, आणि मोकळ्या जागी पाय मोकळे करायला काढू नका, हार्नेस असला तरी. आणि "पाच मिनिटांत येतो" म्हणून उभ्या गाडीत सोडू नका, उन्हात दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक अंशांनी वाढतं.

विमानाचं एवढंच सांगते, बऱ्याच कंपन्या सशाला केबिनमध्ये घेत नाहीत, कार्गोमध्ये पाठवावं लागतं, आवाज आणि तापमान दोन्ही आपल्या हातात राहत नाही. मी पाठवलेला नाही आणि पाठवणार नाही.

आता हे सगळं करूनही दर प्रवासानंतर ससा बंद पडत असेल तर दोष प्रवासाचा नसतो. प्रवास फक्त झाकलेलं उघडं करतो. बहुतेक वेळा मागच्या दाढांना आलेली टोकं सापडतात, जीभ किंवा गाल घासला जातो, घरी आरामात तो हळूहळू खाऊन निभावतो आणि गाडीतून उतरल्यावर तेवढीही ताकद उरत नाही. दाढा घरी दिसत नाहीत, डॉक्टरकडे उपकरण घालून बघतात, कधी भूल देऊन. म्हाताऱ्या सशात सांधे दुखत असतात, हादऱ्यांनी अजून दुखतात. ही तपासणी सगळ्यात खर्चिक आणि अवघड, म्हणून क्रमात शेवटी, पण तीन प्रवास सलग असे गेले तर ती टाळू नका. भुरीच्या बाबतीत मी दोन वर्षं गाडीला, उन्हाला, गवताला दोष देत राहिले आणि निघाल्या दाढा.

दाढा घासून घेतल्यावर ती पुढे छान खायला लागली. तरी आता ती आठ वर्षांची आहे, म्हणून फार गरज नसेल तर तिला नेत नाही. शेजारची मुलगी दिवसातून दोनदा येते, गवत भरते, पाणी बदलते, ट्रे बघते. तिच्यासाठी फ्रिजवर कागद चिकटवलाय, डॉक्टरचा नंबर, आणि खाली मोठ्या अक्षरात: सकाळी ट्रेमध्ये एकही लेंडी दिसली नाही तर आधी डॉक्टरला फोन कर, आम्हाला नंतर.